वेटरचं उरलेलं वाक्य

माझ्याकडे एकतीस वह्या आहेत. शंभर पानी, एकरेघी, शाळेतली मुलं वापरतात तसल्या. त्यांत मी टीव्हीवरच्या विनोदी मालिकांना मार्क दिले आहेत. भाग संपला की टीव्ही बंद करायचा, तारीख घालायची, दहापैकी मार्क लिहायचे आणि खाली एका ओळीचा शेरा. सगळं लाल शाईत. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर दुसऱ्या रंगाचं पेन हातात बसत नाही.

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा हे म्हणाले होते, "तू हसतेस कमी आणि तपासतेस जास्त." ते खरं होतं. पण तपासताना हसू आलं तर ते खरं हसू, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

पहिल्या दहा वह्यांची सरासरी सात येते. शेवटच्या दोन वह्यांची अडीच, आणि तो अर्धा मार्कही मी दया म्हणून दिलेला आहे. एका भागात एक कुत्रं होतं, त्याने बरं काम केलं होतं.

आजकालच्या विनोदाचं मी काय सांगू? मला त्याची शिसारी येते. जाड बाई खुर्चीवर बसते, खुर्ची मोडते. एवढ्यावर भागत नाही. ती खुर्ची समोरून मोडते, मग बाजूने मोडते, मग अगदी सावकाश मोडते, आणि तिन्ही वेळा भोंगा वाजतो. पुरुषाला साडी नेसवून कंबर हलवायला लावतात. एखाद्या म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, म्हणून सगळे त्याच्या कानात ओरडतात. लेखकाला काही सुचलं नाही की कुणीतरी कुणाच्या तरी मुस्काटात मारतो. मग येतं ते डब्यात भरून ठेवलेलं हसू. ते मला आता पाठ झालंय. आधी एक बाई कोंबडीसारखी हसते, मग एक माणूस हसता हसता खोकतो, मग पुन्हा कोंबडी. गेली सहा वर्षं तो माणूस खोकतोय आणि त्याला अजून कुणी डॉक्टरकडे नेलेलं नाही.

सून विचारते, "आई, एवढा वीट आलाय तर बघता कशाला?"

"पेपर वाचल्याशिवाय मार्क कसे द्यायचे?" मी म्हणते.

यातली सगळ्यात ओंगळ मालिका एका हॉटेलातली आहे. मालक, मालकाची बायको, आचारी आणि एक वेटर. वेटर बोलताना अडखळतो. त्याला मालिकेत सगळे ततपप म्हणतात. दर भागात तो काउंटरपाशी येतो, मालकाला काहीतरी सांगायला लागतो, त-त-त करतो, मालक त्याच्या डोक्यात टपली मारतो, कोंबडी हसते, खोकला येतो. भाग पुढे सरकतो. हे आठवड्यातून पाच दिवस. मी पहिल्याच दिवशी शून्य दिलं होतं आणि शेऱ्यात लिहिलं होतं, "लाज वाटायला हवी."

तो शेरा लिहिताना मला माहीत नव्हतं, की सहा महिन्यांनी ततपप आमच्या घरी येऊन राहणार आहे.

माझी नात नऊ वर्षांची आहे. लहानपणी जमिनीवर पडलेलं काहीही उचलून एका कोपऱ्यात साठवायची म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. मुंगी बोलताना अडते. पहिल्यापासूनच. घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. ती थांबली की आम्ही थांबायचो, एवढंच. शाळेतही इतकी वर्षं कुणी फार लक्ष दिलं नाही. मग ही मालिका लागली. एका मंगळवारी मुंगी घरी आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि टीव्हीचं भिंतीवरचं बटणच बंद केलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीकडून कळलं. ती हजेरीला "हजर" म्हणायला उभी राहिली की वर्गातली चाळीस तोंडं एकदम "ततपप, ततपप" करतात.

तेव्हापासून मुंगी घराबाहेर बोलेनाशी झाली. हजेरीला नुसता हात वर. दुकानात गेली तर वस्तूकडे बोट. घरी बोलायची, पण कमी, आणि छोटे शब्द निवडून.

इथे एक सांगून ठेवते. मुंगीचं बोलणं मी सरळ लिहिणार आहे. ती कुठे अडली, किती वेळा अडली, ते लिहिणार नाही. ते लिहून दाखवणारे पुष्कळ आहेत. वाचणाऱ्याने मनात थोडं थांबावं, म्हणजे झालं.

परीक्षेच्या आधी वर्गशिक्षिकेकडून एक चिठ्ठी आली. तोंडी परीक्षेत प्रत्येकाने वर्गासमोर उभं राहून आवडीच्या विषयावर पाच मिनिटं बोलायचं होतं. मुंगीला त्यातून सूट देता येईल, पालकांची सही हवी, सोमवारपर्यंत चिठ्ठी परत पाठवावी. सुनेने ती फ्रिजला चुंबकाने लावली. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते; दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचते आणि प्रत्येकाला "झालं, झालं" म्हणते.

"सही करून टाकते," ती म्हणाली.

"नको."

"आई, तुम्ही नुसतं नको म्हणता. उभं तिला राहायचंय. समोर ती चाळीस माकडं. तुम्ही बघितलंय का तिचं तोंड, शाळेला निघताना?"

"बघितलंय. पण मी चौतीस वर्षं अशा सवलती पण बघितल्यात. एकदा दिली की ती अंगाला चिकटते. पुढच्या वर्षीची बाई म्हणते, हिला सूट असते ना. त्याच्या पुढच्या वर्षीची विचारतही नाही. मग ते मूल कायमचं मागच्या बाकावर."

"आणि नाही दिली तर? ती तिथे उभी राहून रडली तर?"

मुलगा आतून म्हणाला, "जिला विचारायला हवं तिला कुणी विचारलंय का?" आम्ही दोघींनी मुंगीकडे पाहिलं. ती टेबलावर पेन्सिलीला टोक करत बसली होती. वर न बघता म्हणाली, "माहीत नाही."

चिठ्ठी फ्रिजवरच राहिली.

मला कुणाचा तरी राग काढायचा होता, आणि तो कुणावर काढायचा ते मला ठाऊक होतं. ती हॉटेलवाली मालिका माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलेली आहे. चौथीत असताना त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि बोलताना शीळ वाजायची, म्हणून तो शिट्टी. आता चव्वेचाळीसचा असेल. दात बसवून घेतलेत, पण माझ्या लेखी तो शिट्टीच. मी त्याला पत्र लिहिलं. "तुझ्या मालिकेला मी शून्य देते. अपंगाला टपली मारणं हा विनोद नाही, ते खालच्या दर्जाचं क्रौर्य आहे. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा असं लिहितो याची मला किळस वाटते. मी तुम्हाला चांगला विनोद काय असतो ते शिकवलं होतं. ते कुठे गेलं?" खाली सही, आणि पोस्टात टाकलं.

पत्र टाकल्यावर मला वाटलं, नुसतं शिव्या देऊन काय होणार. मुलांना वाईट काय ते सांगितलं की चांगलं काय तेही दाखवावं लागतं. मी मुंगीला म्हटलं, "रविवारी तुला खरी विनोदी मालिका दाखवते. तुझे आजोबा रेकॉर्ड करून ठेवत. मग तुला कळेल, विनोद कुणाला न दुखावता करता येतो."

कपाटाच्या वरच्या खणात ह्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या बावीस कॅसेट होत्या. कॅसेट चालवायचं यंत्र मात्र बंद पडलेलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने ते उघडलं, आतला पट्टा बदलला आणि म्हणाला, "आजी, हे आता जपून वापरा. पुढच्या वेळी पट्टाही मिळायचा नाही आणि मीही."

ती मालिका टपाल कचेरीतली होती. आम्ही तिला टपालवालीच म्हणायचो. रविवारी सकाळी मी मुंगीला शेजारी घेऊन बसले आणि माझा सगळ्यात आवडता भाग लावला. एक ठसकेबाज बाई हरवलेल्या पार्सलची तक्रार घेऊन कचेरीत येते. बसायला जागा नसते म्हणून एका खोक्यावर बसते आणि पोस्टमास्तरला फैलावर घेते. ते खोकं म्हणजेच तिचं पार्सल. हे एकट्या कारकुनाला दिसतं. तो खिडकीतून डोकं काढून तिला सांगू लागतो.

आणि अडखळतो.

मी हे विसरले होते. शपथेवर सांगते, विसरले होते. मला आठवत होतं त्याचं खिडकीतून डोकं काढणं, त्याची टोपी, तो नेमका कुठल्या क्षणी तोंड उघडतो ते. तो बोलताना अडतो, हे माझ्या आठवणीतून गळून गेलं होतं, कारण मला त्यात कधी काही वावगं दिसलंच नव्हतं. कारकून "बा-बा-बा" करू लागला, गाल फुगले, टोपी सरकली, आणि मी हसले. विचार यायच्या आधी हसू आलं. खरं हसू, तपासताना येणारं.

मुंगी टीव्हीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"आजी, तू हसलीस," ती म्हणाली.

मग उठली, चपला नीट जोडून कोपऱ्यात ठेवल्या, तसं काही कारण नसताना, आणि आतल्या खोलीत गेली.

मी यंत्र बंद केलं. सातवी वही काढली. तो भाग शोधायला वेळ लागला नाही. माझं अक्षर तेव्हा जास्त गोल होतं. "दहापैकी नऊ. कारकुनाचं अडखळणं अप्रतिम. शनिवारी वर्गात करून दाखवणे."

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आयुष्यभर मी मुलांना सांगितलं, उत्तर चुकलं तर खोडरबर घेऊ नका, एक आडवी रेघ मारा, म्हणजे काय चुकलं ते दिसत राहील. त्या पानावर रेघ मारायला माझा हात उठला नाही. मला माझ्याच अक्षराची किळस वाटली.

त्या दिवशी मुंगीने जेवताना दोन शब्द उच्चारले. "नको" आणि "पुरे". सून माझ्याशी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मी मुंगीच्या खाटेवर जाऊन बसले. "मी चुकले," मी म्हटलं. "मला तो कारकून अडतो ते आठवत नव्हतं. पण आठवत नव्हतं हे काही बरं नाही. ते जास्त वाईट आहे."

मी वाट पाहिली. एवढी एक गोष्ट मला नोकरीने चांगली शिकवली आहे.

"त्याला त्या बाईला काय सांगायचं होतं?" तिने विचारलं.

"की तुम्ही पार्सलवरच बसला आहात."

"मग सांगितलं का?"

आणि मला आठवेना. पस्तीस वर्षं मी त्या भागाची तारीफ करत आले, कारकुनाची टोपी मला आठवत होती, आणि त्याने वाक्य पुरं केलं की नाही ते आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं. मुंगीने माझ्याकडे जी नजर टाकली तसली मी आयुष्यात पुष्कळ मुलांकडे टाकलेली आहे. गृहपाठ केला नाही असं सांगणाऱ्यांकडे.

दुपारी शाळेतून आल्यावर तिने स्वतःच यंत्र चालू केलं आणि एकटीने तो भाग शेवटपर्यंत पाहिला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मग तिने सातवी वही मागितली. मी दिली. पुढले चार दिवस हेच चाललं. रोज दोन भाग, आणि वह्या. सहीची चिठ्ठी फ्रिजवर तशीच होती. बाईंनी परीक्षाच एका आठवड्याने पुढे ढकलली होती.

शनिवारी दुपारी शिट्टी आला. पत्राचं उत्तर पत्राने देईल असं मला वाटलं होतं. तो स्वतः आला, बिस्किटांचा पुडा घेऊन, दारातच वाकून नमस्कार केला. केस पिकले होते. कोचाच्या कडेवर असा बसला, जणू मी पाढे विचारणार आहे.

"बाई, तुमचं पत्र मी खिशात घेऊन फिरतोय," तो म्हणाला. "सतरा वर्षं लिहितोय, पण असं शून्य कुणी दिलं नव्हतं. चॅनलवाले तर म्हणतात, ततपपमुळेच मालिका चालते."

"चालते ते मला दिसतंय. माझ्या नातीच्या वर्गापर्यंत चालत गेली."

त्याने मुंगीकडे पाहिलं. ती टेबलापाशी वह्यांचा ढीग घेऊन बसली होती. त्याला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर तो बिस्किटाचा पुडा उगाच सरळ करू लागला.

"बाई, मला माहीत नव्हतं. खरंच. पण एक बोलू? रागावणार नाही ना?"

"मी रागावलेलीच आहे. बोल."

"तुम्ही लिहिलंत, चांगला विनोद कसा असतो ते शिकवलं होतं. बाई, तुम्ही शनिवारी शेवटची दहा मिनिटं नकला करून दाखवायचात. ज्या आठवड्यात सगळ्यांनी गृहपाठ केला, त्या आठवड्यात बक्षीस म्हणून कारकून. तुम्ही फळ्याच्या मागून डोकं काढायचात आणि 'बा-बा-बा' करायचात. वर्ग लोळायचा हसून. मी त्या दहा मिनिटांसाठी गृहपाठ करायचो. ततपप मी दुसरीकडून नाही उचलला."

सातव्या वहीतली ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. मला अंदाज होताच. पण स्वतः अंदाज करणं वेगळं आणि चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने बिस्किटाचा पुडा मांडीवर ठेवून सांगणं वेगळं.

"खिडकीपाशी एक मुलगी बसायची," तो हळूच म्हणाला. "आठवते? वाचताना अडायची. तुमची नक्कल सुरू झाली की ती वहीत तोंड घालायची."

"नाव काय तिचं?"

शिट्टीने खूप वेळ आठवून पाहिलं. "नाही आठवत. आम्ही तिला कारकूनच म्हणायचो."

सून स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. मला ती मुलगी आठवत नव्हती. तिची वेणी नाही, अक्षर नाही, काही नाही. मी किती गर्वाने सांगत असते की माझ्या हाताखालून गेलेलं एकही मूल मी विसरत नाही. ती माझ्यासमोर वर्षभर बसली आणि मी तिच्याकडे पाठ करून फळ्यामागून डोकं काढत राहिले.

"मग आपण दोघंही शून्य," मी म्हटलं.

"तुम्ही नाही, बाई."

"गप. मार्क मी देते."

तेवढ्यात मुंगीने खुर्ची सरकवली. ती उठून शिट्टीसमोर येऊन उभी राहिली, हात मागे बांधून, कविता म्हणायला उभं राहतात तशी. तीन आठवड्यांत ती बाहेरच्या माणसाशी बोलली नव्हती.

"ततपपला काय सांगायचं असतं?" तिने विचारलं.

हे एवढं वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. शिट्टीच्या ओठांची हालचाल मी पाहिली. त्याला तिचा शब्द पुरा करून द्यायचा होता. मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

"कधी?" त्याने विचारलं.

"रोज. तो काउंटरपाशी येतो. मालकाला काहीतरी सांगायला लागतो. मग टपली बसते. सांगायचं काय असतं?"

शिट्टी थोडा हसला, मग त्याचं हसू विरलं. "तसं काही लिहिलेलं नसतं, बाळा. मी नुसतं लिहितो, ततपप अडखळतो, टपली, हशा."

"म्हणजे त्याला काहीच सांगायचं नसतं?"

"नाही."

"मग तो येतो कशाला?"

सतरा वर्षं विनोद लिहिणाऱ्या माणसाने चहाच्या ट्रेकडे पाहिलं. सुनेने तो जवळ आणला नाही.

मुंगीने टेबलावरून एक वही आणली. माझी नव्हती. नवी, तिची स्वतःची. लाल पेनाने लिहिलेली. पेन माझ्या डब्यातलं होतं. तिने वाचायला सुरुवात केली, आणि ती अडत अडत, सगळं, शेवटपर्यंत वाचलं.

"टपालवाली, पार्सलचा भाग. दहापैकी चार. कारकुनाला सगळे हसतात त्याचे मार्क कापले. पण शेवटी त्याला बोलू देतात. तो म्हणतो, 'बाई, उठा.' बाई उठते आणि पार्सल दिसतं. ते वाक्य पुरं झालं म्हणून चार. आजीने नऊ दिले ते चूक. हॉटेलवाली. मी पाहिलेले सगळे भाग. शून्य. त्याचं वाक्य कुणी लिहिलंच नाही."

वही मिटून ती म्हणाली, "मी सोमवारी यावर बोलणार आहे. शाळेत."

सुनेने ट्रे टेबलावर ठेवला. "मुंगे, पाच मिनिटं बोलावं लागतं," ती म्हणाली. "आणि ती पोरं—"

"मला पाच पुरणार नाहीत," मुंगी म्हणाली.

सून फ्रिजपाशी गेली, चुंबक काढला आणि चिठ्ठी चार घड्या करून पर्समध्ये ठेवली. फाडली नाही. मी तिला दोष देत नाही. मीही रविवारची रात्र नीट झोपले नाही.

शिट्टी निघताना दारात घुटमळला. "मी ततपपला काढून टाकलंही असतं," तो म्हणाला, "पण माझ्या हातात नाही ते. चॅनल ऐकणार नाही."

"काढू नकोस," मुंगी आतून म्हणाली. "त्याचं वाक्य लिही."

सोमवारी काय झालं ते वर्गशिक्षिकेने मला फोनवर सांगितलं, कारण मुंगीने घरी येऊन "झालं" एवढंच सांगितलं. ती बारा मिनिटं बोलली. पहिल्या मिनिटातच मागच्या बाकावरून "ततपप" सुरू झालं. ती थांबली. बाई त्या पोरांना दटावणार, तेवढ्यात मुंगी म्हणाली, "माझं वाक्य राहिलंय." आणि ते पुरं होईपर्यंत दुसरं सुरू केलं नाही. काही पोरं हसतच राहिली. काही कंटाळून खिडकीबाहेर बघू लागली. दोघी-तिघींनी मग विचारलं की खरंच, तो वेटर सांगतो तरी काय. बाईंनी वीसपैकी पंधरा दिले. मी असते तर सतरा दिले असते, पण मी नातलग आहे.

वर्ग सुधारला असं मी म्हणणार नाही. हजेरीला अजून दोन-चार तोंडं चालतात. पण मुंगी हात वर करून थांबत नाही आता, "हजर" म्हणते. लागेल तेवढा वेळ घेते. मी मात्र रोज एक वही काढते आणि जुने मार्क पुन्हा तपासते. सरासरी सातावरून घसरत चालली आहे. परवा सव्वाचारवर आली. जुनं ते सगळं निर्मळ होतं असं मी ज्याला त्याला सांगत होते, ते आता बंद केलं आहे. नवं त्यामुळे चांगलं ठरत नाही. घाण ती घाणच, फक्त काही वर्षं मी तिच्याकडे नाक दाबून नाही, तर टाळ्या वाजवत पाहत होते.

तीन आठवड्यांनी हॉटेलवालीच्या एका भागात ततपप काउंटरपाशी आला. अडखळला. मालकाचा हात टपलीसाठी वर गेला आणि तिथेच थांबला. ततपप अडत अडत म्हणाला, "मालक, चार नंबरच्या टेबलावरची आजी कधीची पाणी मागतेय." मालक पाणी घेऊन गेला. एवढंच.

ते वाक्य पुरं झालं, आणि त्याच्या मागोमाग कोंबडी हसली. मग खोकला. मग पुन्हा कोंबडी. हसू लावणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे हसायचं नाही. तो बिचारा नेहमीच्या जागी नेहमीचा डबा उघडून मोकळा झाला होता.

मला इतका संताप आला की मी रिमोट शोधू लागले. मुंगीने शांतपणे टीव्ही बंद केला, वही उघडली, तारीख घातली.

"किती?" मी विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "वाक्याचे."